ग्रंथालयाचे दार कोणाच्या पैशाने उघडते?

‘सार्वजनिक वाचनालय’ ही पाटी महाराष्ट्रात गावोगावी दिसते. त्या पाटीवरील ‘सार्वजनिक’ हा शब्द बहुतेकांना साधा वाटतो. मला तो साधा वाटत नाही. ज्या विहिरींना गाव सार्वजनिक म्हणत असे, त्यांवर आमच्या आज्यापणज्यांना पोहरा टाकता येत नव्हता. म्हणून हा शब्द कोठेही दिसला की मी दोन प्रश्न विचारतो. या संस्थेचा खर्च कोण करतो? आणि त्या खर्चाच्या जोरावर आत कोणाला घ्यायचे, हे कोण ठरवितो?

हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी जो ठराव संमत करून घेतला, त्याचा पायाच हा होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थळे अस्पृश्यांना खुली असली पाहिजेत, असे तो ठराव सांगत होता. दयेचा मुद्दा त्यात नव्हता, तिजोरीचा होता. तिजोरी सर्वांची, म्हणून हक्क सर्वांचा. १९२७ चा महाडचा संगर याच हक्काच्या अंमलबजावणीसाठी झाला.

परंतु एखादी सार्वजनिक संस्था तिजोरीच्या पैशावर न चालता दानशूरांच्या पैशावर चालत असेल तर? मग तेथे आपला हक्क कोठे सुरू होतो? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी न्यूयॉर्क शहराच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेतो. याला दोन कारणे आहेत. एक, तेथे देणगी आणि कर यांची गुंफण शतकाहून अधिक काळ चालत आलेली आहे आणि तिचा हिशेब उघड आहे. दुसरे, त्याच शहरात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले, आणि त्याच शहरातील हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांनी ग्रंथालयाचा आपल्यासाठी काय उपयोग करून घेता येतो, हे दाखवून दिले.

१

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी हे नगरपालिकेचे खाते नाही. विश्वस्त मंडळाने चालविलेली ती एक खासगी धर्मादाय संस्था आहे. मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड या भागांत तिच्या सुमारे ९० शाखा आहेत. ब्रुकलिन व क्वीन्स या भागांची ग्रंथालये स्वतंत्र आहेत.

तिचा जन्म तीन श्रीमंतांच्या संपत्तीतून झाला. जॉन जेकब ॲस्टर याने केसाळ कातड्यांच्या व्यापारात आणि मॅनहॅटनमधील जमिनींच्या खरेदीत अफाट पैसा मिळविला. १८४८ साली तो वारला तेव्हा ग्रंथालयासाठी त्याने ४ लाख डॉलर मागे ठेवले. १८५४ साली उघडलेल्या या ग्रंथालयात बसून वाचता येई, पण पुस्तक घरी नेता येत नसे. दिवसभर राबणाऱ्या माणसाला याचा उपयोग किती, हे सांगायला नको. दुसरा जेम्स लेनॉक्स. त्याने १८७० साली आपला दुर्मिळ ग्रंथांचा संग्रह संस्थेच्या स्वाधीन केला, पण तो अभ्यासकांपुरताच राहिला. तिसरा सॅम्युएल टिल्डेन. १८८६ साली मरताना त्याने शहरात विनामूल्य ग्रंथालय उभारावे म्हणून आपली बहुतेक संपत्ती लिहून ठेवली. नातेवाईक न्यायालयात गेले आणि त्या रकमेचा एक भागच ग्रंथालयाच्या वाट्याला आला.

म्हणजे एका ग्रंथालयाकडे पुस्तके होती पण पैसा आटला होता, दुसरे मूठभरांचे होते, तिसऱ्याकडे पैसा होता पण पुस्तके नव्हती. २३ मे १८९५ रोजी तिन्ही एकत्र झाली. तरीही एवढ्या मोठ्या शहराला पुरेल अशी इमारत उभी करण्याची ताकद या तिघांच्या दानात मिळूनही नव्हती. बेचाळिसाव्या रस्त्यावर पूर्वी शहराला पाणी पुरविणारा मोठा जलाशय होता. ती जागा नगरपालिकेने दिली आणि इमारत स्वतःच्या खर्चाने बांधली. १९११ साली ती लोकांसाठी उघडली. इमारत शहराची, ग्रंथसंग्रह विश्वस्तांचा, अशी ही वाटणी आहे. दारात दोन संगमरवरी सिंह असलेल्या त्या प्रासादाकडे पाहून लोक दात्यांची आठवण काढतात. त्या भिंतींत करदात्या हमालाचा आणि मोलकरणीचा पैसा आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

२

या काळातच अँड्र्यू कार्नेगी पुढे आला. १९०१ साली त्याने न्यूयॉर्कच्या वस्त्यावस्त्यांतून शाखा-ग्रंथालये बांधण्यासाठी ५२ लाख डॉलर देऊ केले. त्यातून पुढे शहराच्या सर्व भागांत मिळून ६७ इमारती उभ्या राहिल्या. कार्नेगीच्या दानाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तो पुस्तके देत नसे, पगार देत नसे. तो फक्त इमारत देई आणि तीही अटीवर. जागा गावाने द्यायची. आणि देणगीच्या रकमेच्या दहा टक्के इतकी रक्कम गावाने दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करण्याची हमी द्यायची.

हा हिशेब वाचकांनी मांडून पाहावा. इमारतीला एक लाख मिळाले तर गावाने दरसाल दहा हजार खर्च करायचे. दहा वर्षांत गावाचा खर्च देणगीइतका होतो. त्यानंतरचे प्रत्येक वर्ष गावाचे. दात्याचे नाव दगडात कोरले जाते, पण दिवा लावणारा, झाडू मारणारा, पुस्तकावर शिक्का मारणारा या सर्वांचा पगार कर देणाऱ्यांच्या खिशातून येतो. तरीही मी या अटीला वाईट म्हणणार नाही. दानाचे रूपांतर शासनाच्या कायमच्या जबाबदारीत करणारी ही अट होती. दाता गेला, त्याची लहर गेली, तरी ग्रंथालय बंद पडू नये अशी सोय तीत होती.

मात्र पैसा कोठून आला, हेही विसरता येत नाही. १८९२ साली होमस्टेड येथील कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात मजुरी कपातीवरून संप झाला. मालकपक्षाने खासगी सशस्त्र शिपाई आणले, गोळीबार झाला, कामगार मेले आणि त्यांची संघटना मोडली गेली. बारा तासांची पाळी करून घरी आलेला माणूस पुस्तक केव्हा उघडणार, हा प्रश्न कामगारांनी त्या काळीच विचारला होता. ज्याच्या मजुरीतून कापून घेतले त्यालाच ग्रंथालय म्हणून परत दिले, असे या दानाचे एक अंग आहे.

आणखी एक अंग आपल्याला अधिक जवळचे आहे. अटलांटा शहरात कार्नेगीच्या पैशाने बांधलेले ग्रंथालय १९०२ साली उघडले. त्याचा वार्षिक खर्च करातून चालायचा, आणि कर कृष्णवर्णीयही भरत होते. पण त्यांना आत प्रवेश नव्हता. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी शिष्टमंडळ नेऊन विश्वस्तांना याचा जाब विचारला. दार उघडले नाही. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाखा त्या शहरात झाली ती १९२१ साली. दात्याने इमारतीसाठी अट घातली होती, खर्चासाठी अट घातली होती. दार सर्वांना उघडे असावे, ही अट मात्र घातली नव्हती. जी अट दात्याच्या मनात येत नाही, तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

३

आता हार्लेमकडे वळतो. १३५ व्या रस्त्यावरची शाखा १९०५ साली कार्नेगीच्या पैशातून उभी राहिली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हार्लेमची वस्ती बदलली. दक्षिणेतील जाच सोडून आलेले कृष्णवर्णीय तेथे राहू लागले. १९२० साली अर्नेस्टाइन रोझ या गोऱ्या ग्रंथपाल शाखेच्या प्रमुख झाल्या. वस्ती बदलली तर ग्रंथालयानेही बदलले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्याच वर्षी कॅथरीन लॅटिमर या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतील पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल म्हणून नेमल्या गेल्या. १९२५ साली या शाखेत कृष्णवर्णीयांचे साहित्य, इतिहास व चित्रे यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

या विभागाला खरे बळ आले ते आर्तुरो शोंबर्ग यांच्या संग्रहामुळे. शोंबर्ग १८७४ साली पोर्टो रिकोत जन्मले, १८९१ साली न्यूयॉर्कला आले आणि एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करू लागले. काळ्या माणसाला इतिहास नाही, थोर पुरुष नाहीत, असे त्यांना लहानपणी एका शिक्षकाने सुनावले होते, असे सांगितले जाते. त्यांनी आयुष्यभर त्याचे उत्तर गोळा केले. जुन्या बाजारातून, पुस्तकविक्रेत्यांकडून, देशोदेशीच्या मित्रांकडून त्यांनी कृष्णवर्णीयांनी लिहिलेली पुस्तके, हस्तलिखिते, पत्रके, चित्रे मिळविली. नोकरदार माणसाच्या पगारातून जमविलेला हा संग्रह पाच हजारांहून अधिक ग्रंथांचा झाला. हस्तलिखिते व चित्रे वेगळीच.

१९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने १० हजार डॉलर देऊन हा संग्रह विकत घेतला आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिला. १९३२ साली शोंबर्ग स्वतः त्याचे संग्रहपाल झाले आणि १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच होते. १९४० साली संग्रहाला त्यांचे नाव मिळाले. १९७२ साली वस्तीतील शाखेचा भाग न राहता तो संशोधन-ग्रंथालयाच्या दर्जाला पोचला आणि १९८० साली त्याची नवी वास्तू उभी राहिली.

या घटनाक्रमातील क्रम महत्त्वाचा आहे. देणगी सर्वांत शेवटी आली. तिच्याआधी एका कारकुनाने वीसपंचवीस वर्षे संग्रह केला होता. तिच्याआधी वस्तीतील लोकांनी ग्रंथालयात येऊन, सभा भरवून, मागणी करून आपली गरज सिद्ध केली होती. १० हजार डॉलरनी इतिहास निर्माण केला नाही. जो इतिहास शोषितांनी स्वतः जपला होता, त्याला करातून चालणारे छप्पर मिळाले. दात्याची वाट पाहत संग्रह थांबला असता, तर १९२६ साली विकत घेण्याजोगे काहीच उरले नसते.

४

देणगी प्रत्यक्षात कशी वापरली जाते, हेही थोडे समजून घ्यावे लागेल. मोठ्या ग्रंथालयांत येणारा पैसा एका प्रकारचा नसतो. काही रक्कम स्थायी निधीत जाते. मूळ मुद्दल गुंतवून ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्साच दरवर्षी खर्चायचा, अशी ही पद्धत. काही रक्कम मृत्युपत्रातून येते. काही वार्षिक सभासदांकडून, लहान लहान हप्त्यांनी येते. काही रकमेवर अट असते: हा पैसा नकाशांसाठीच, हा मुलांच्या खोलीसाठीच. विनाअट पैसा सर्वांत उपयोगाचा, आणि सर्वांत दुर्मिळही तोच.

याचे कारण मला आमच्या वस्तीतच कळले. विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही वर्षे वाचनालय चालविले. जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात एक लोखंडी कपाट घेतले. पुढे एका प्रतिष्ठित गृहस्थांनी दुसरे कपाट दिले. त्यावर त्यांच्या वडिलांचे नाव ठळक अक्षरांत होते आणि आत व्रतवैकल्यांची पुस्तके होती. कपाटावर नाव घालायला माणसे मिळत. वर्तमानपत्रांचे बिल आणि विजेचे बिल भरायला मिळत नसत. ज्या खर्चावर नाव कोरता येत नाही तो खर्च दान करावासा कोणाला वाटत नाही. न्यूयॉर्कचे विश्वस्तही याच अडचणीतून गेलेले आहेत, फक्त आकडे मोठे.

१९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली. ग्रंथालयांच्या वेळा छाटल्या गेल्या, नोकर कमी झाले, इमारती मळकट झाल्या. १९८१ साली व्हार्टन ग्रेगोरियन हे अध्यक्ष म्हणून आले. ॲस्टर घराण्याच्या ब्रुक ॲस्टर यांच्या साहाय्याने त्यांनी शहरातील धनिकांना ग्रंथालयाकडे वळविले. मेजवान्या झाल्या, मोहिमा झाल्या. १९८९ साली ते पायउतार होईपर्यंत ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. ग्रेगोरियन यांनी एक गोष्ट मात्र अचूक केली. धनिकांचा पैसा दाखवून त्यांनी नगरपालिकेलाही आपला वाटा वाढवायला लावले. दानाचा उत्तम उपयोग हाच. शासनाला सुटका देण्यासाठी ते वापरू नये, शासनाला लाजविण्यासाठी वापरावे.

अलीकडच्या काळात आकडे आणखी फुगले. २००८ साली स्टीफन श्वार्झमन या धनिकाने १० कोटी डॉलर देण्याचे ठरविले आणि बेचाळिसाव्या रस्त्यावरील इमारतीला त्याचे नाव लागले, जी करदात्यांच्या पैशातून उभी राहिली होती. २०१७ साली स्टाव्हरोस नियार्कोस प्रतिष्ठानने समोरच्या शाखेच्या पुनर्रचनेसाठी साडेपाच कोटी डॉलर दिले. सुमारे २० कोटी डॉलरचे हे काम होते आणि त्यात नगरपालिकेचाही पैसा होता. २०२१ साली ती शाखा प्रतिष्ठानचे नाव घेऊन उघडली. शहराच्या पैशाला नाव नसते, म्हणून तो पाटीवर दिसत नाही.

५

मग दान नकोच काय? मी तसे म्हणत नाही. दानाची एक खरी ताकद असते. जे पाऊल उचलायला शासन कचरते, ते करून पाहता येते. २०१७ साली एका प्रतिष्ठानने साडेबावीस लाख डॉलर देऊन शहरातील १ लाख ६० हजार मुलांचा पुस्तकांवरील विलंब-दंड एका झटक्यात माफ करविला. दंड थकला की कार्ड बंद होई आणि गरिबाचे मूल ग्रंथालयाबाहेर पडे. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, शहराच्या तिन्ही ग्रंथालयांनी विलंब-दंडाची पद्धतच रद्द केली. तेव्हा सुमारे ४ लाख लोकांची कार्डे दंडापायी अडकलेली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गरीब वस्त्यांतील होती. दानाने वाट दाखविली, मग धोरण बदलले.

पण दानाच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराने अंदाजपत्रक कापले आणि ग्रंथालये रविवारी बंद झाली. धनिकांच्या नावाच्या इमारती, कोट्यवधींचा स्थायी निधी, सगळे जागच्या जागी होते, तरी शाखांचा रविवार वाचला नाही. आणि ज्याला सहा दिवस काम असते, त्याला रविवारच असतो. लोकांनी ओरड केली, पत्रे लिहिली, निदर्शने केली. २०२४ च्या उन्हाळ्यात ५ कोटी ८३ लाख डॉलर परत मिळाले आणि रविवार पुन्हा सुरू झाला. ही रक्कम कोणाच्या मेजवानीतून आली नाही, मतदारांच्या दबावातून आली.

शिवाय ज्याला आपण दान म्हणतो ते पूर्णपणे दात्याचे असते काय? अमेरिकेत १९१७ पासून धर्मादाय देणगीवर आयकरात सवलत आहे. आपल्याकडेही आयकर कायद्यात अशी तरतूद आहे. दात्याने शंभर दिले, तर त्यातील काही भाग सरकारी तिजोरीत यायचा होता, तो आला नाही. तो भाग तुमचा-माझा. तरीही कोणते पुस्तक घ्यायचे, काय विकायचे, हे विश्वस्त ठरवितात. २००५ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्याकडील एक प्रसिद्ध निसर्गचित्र एका अब्जाधीश संग्राहिकेला विकले. शहराला विचारण्याची गरज विश्वस्तांना भासली नाही.

६

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध जुना आहे. ज्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, त्याच महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बडोदे संस्थानात गावाने वर्गणी जमविली की संस्थान व स्थानिक मंडळ तितकीच भर घालीत. लोकांचा एक वाटा, शासनाचे दोन. कार्नेगीच्या अटीहून ही मला अधिक न्याय्य वाटते, कारण तीत सुरुवात धनिकापासून होत नाही, गावापासून होते. तरी येथेही एक अट राहून जाते: वर्गणी गोळा करणाऱ्या गावात गावकुसाबाहेरचे धरले जातात की नाही?

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी उपकर बसविला होता. महाराष्ट्राच्या कायद्यात तसा उपकर नाही. येथील बहुतेक वाचनालये खासगी संस्था चालवितात आणि शासन त्यांना वर्ग पाडून अनुदान देते. म्हणजे न्यूयॉर्कचाच साचा, लहान प्रमाणात: मंडळ खासगी, पैसा बराचसा लोकांचा. तेव्हा आपल्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन कार्यकारी मंडळाची नावे वाचावीत, ग्रंथखरेदीची यादी मागावी, त्यात आपले साहित्य किती हे मोजावे. अनुदान घेणाऱ्या संस्थेला हे विचारणे म्हणजे कोणावर उपकार मागणे नव्हे. बोले ठरावाचा तर्क येथे जसाच्या तसा लागू पडतो.

दुसरे काम आपले आपल्यालाच करावे लागेल. जलशांच्या वह्या, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक, परिषदांची हँडबिले, वस्तीतल्या कार्यकर्त्यांची पत्रे आजही ट्रंकांतून आणि माळ्यांवर पडलेली आहेत. वाळवी दात्याची वाट पाहत नाही. हार्लेममध्ये बँकेच्या टपाल विभागातील एका माणसाने जे केले, ते आपल्यातील रेल्वे कामगार, शिक्षक, पोस्टमन, परिचारिका यांना करता येईल. आधी जमवावे, याद्या कराव्यात, जपावे. मग ते करातून चालणाऱ्या छपराखाली जावे आणि त्याचे दार रविवारीही उघडे राहावे, यासाठी भांडावे. कोणी देणगी द्यायला आला तर घ्यावी. मात्र घेताना अट आपण घालावी. पाटीवर नाव कोणाचेही असो, विजेचे बिल नगरपालिकेने भरले पाहिजे आणि खरेदीच्या समितीवर आपला माणूस बसला पाहिजे.